विलंबाचे कारण

कळमनुरी
दि. ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
श्री. रत्नपाल खिल्लारे,
सेवा केंद्र, तहसीलसमोर, कळमनुरी.

विषय : माझ्या कन्येच्या कागदपत्रांस हात न लावण्याबाबत.

जयभीम. ‘सप्रेम’ हा शब्द अनवधानाने राहिला, असे समजू नये.

आपले दुकान माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर असताना हे पत्र टपालाने येत आहे, याचे आपणास हसू येईल. येऊ द्यावे. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. टपालाने गेलेल्या कागदावर तारखेचा शिक्का बसतो. हे आपणास मीच शिकवले होते.

परवा दुपारी चि. राणी आपल्या केंद्रात एक तास दहा मिनिटे बसली होती. मी मुद्दाम घड्याळ पाहिले नाही. घड्याळ समोर होते. त्या अवधीत ती दोनदा मोठ्याने हसली. आयकराच्या विषयात हसण्यासारखे काय असते, हे चाळीस वर्षे अर्जनवीस म्हणून काढूनही मला उमगलेले नाही. आपण तिच्यासाठी भागवतच्या टपरीवरून चहा मागवलात. तो चहा माझ्या टेबलाला वळसा घालून गेला.

संध्याकाळी मालनबाईंकडून मजकूर समजला. त्या माझ्या पत्नी आहेत, आणि आपल्या भगिनी आहेत हे त्या मला विसरू देत नाहीत. मजकूर असा : राणीची फवारणी ही कोणाची नोकरी नसून तिचा स्वतःचा धंदा आहे. वारंगा फाट्यापासून शिरड शहापूरपर्यंत लोकांच्या हळदीवर आणि सोयाबीनवर ती ड्रोन उडवते, एकरी दराने. अशा माणसाने वर्षाचे उत्पन्न सरकारला संगणकावरून कळवावयाचे असते. तिला बचत गटाचे यंत्र सोडून स्वतःचे यंत्र घ्यावयाचे आहे, तेही हरभऱ्याच्या फवारणीपूर्वी. आणि त्यासाठी बँक हेच विवरणपत्र मागते.

हे सर्व तिने आपणास सांगितले. मला सांगितले नाही. मी ते तिच्या आईकडून ऐकले, आणि तिच्या आईने आपणाकडून. म्हणजे माझ्या घरातली बातमी तहसीलचा रस्ता ओलांडून गेली आणि तोच रस्ता ओलांडून माझ्याकडे परत आली.

तिने मला का सांगितले नाही, असे मी विचारले. मालनबाईंचे उत्तर जसेच्या तसे देतो : ‘तुमाला काही सांगाया जावं, तर तुमी आधी विषय इचारता अन् मंग संदर्भ. पोरगी हाय ती तुमची, अर्जदार न्हाई.’

आपण अकरा वर्षे माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूस बसत होता. ‘दाजी, मला शिकवा,’ असे म्हणून आला होता. समास किती सोडावा, ‘विनंती’ कोठे लिहावी आणि ‘प्रार्थना’ कोठे, हे मी आपणास दाखवले. मग आपण संगणक घेतलात. त्याचे मला काहीही वाटले नाही. वाटले ते इतकेच, की उद्घाटनाची फीत आपण राणीच्या हातून कापवली, आणि कात्री माझ्या टेबलावरून नेली.

सबब कळविण्यात येते की, सदर प्रकरणी शासनाचे अधिकृत मार्गदर्शन मी स्वतः शोधून काढीन व राणीचे विवरणपत्र माझ्या देखरेखीखाली भरले जाईल. आपण त्यात हात घालू नये.

नरसिंग पाईकराव
अर्जनवीस
(इयत्ता चौथी उत्तीर्ण)


कळमनुरी
दि. २१ ऑगस्ट २०२५

श्री. खिल्लारे यांस,

विषय : अधिकृत मार्गदर्शन प्राप्त झाल्याबाबत.

आपण उत्तर दिले नाही. मात्र आपण राणीला, ‘काही दिवस इकडं येऊ नको, दाजींना बरं वाटंल तसं होऊ दे,’ असे सांगितल्याचे समजले. हा मोठेपणा मी मागितलेला नव्हता. तो आपण आपल्याकडेच ठेवावा.

शोधाचा वृत्तांत नोंदीसाठी देत आहे.

प्रथम मी हिंगोलीस जाऊन पुस्तकांच्या तीन दुकानांत चौकशी केली. शासनाने छापलेले पुस्तक पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. तिसऱ्या दुकानातला इसम म्हणाला, ‘काका, आता पुस्तक न्हाई निघत. समदं वेबसाइटवर राहतं.’

‘वेबसाइटवर सही कोणाची असते?’ मी विचारले.

‘सही?’ तो म्हणाला. ‘सही काहून पाहिजे?’

‘सही नाही, तर ते सरकारने सांगितले की तुम्ही सांगितले, हे कसे कळावे?’

त्याने माझ्याकडे पाहिले आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावले.

त्यानंतर भागवतने आपल्या फोनवर मला एका मनुष्याचे चलचित्र दाखवले. तो मनुष्य आयकराविषयी ओरडून बोलत होता. काही बोलणे बरोबर असावे. परंतु मध्येच तो केसांच्या तेलाची स्तुती करू लागला. मी फोन परत दिला. शासन तेल विकत नाही. भागवत म्हणाला, ‘काका, समोर रत्नपालभाऊ हायेत की. पाच मिन्टात सांगतील.’ मी त्याचा अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

दरम्यान वारंग्याच्या एका गृहस्थांनी मला एक घडीपत्रक दिले होते. त्यावर राजमुद्रा होती, गोल शिक्का होता, अनुक्रमांकही होता. माझे समाधान झाले होते. राणीने ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, ‘बाबा, हे खाजगी एजंटाचं हाय. शिक्का काय, कोणीबी बनवून घेतं. पत्ता बघायचा. शेवटी gov.in असंल तरच सरकारी.’

मी विचारले, हे तुला कोणी शिकवले? तिने पत्रक घडी करून मला परत दिले. तेच उत्तर होते, आणि ते मला दिवसभर पुरले.

तरीही पुढचे लिहिताना मला आनंद होत आहे. आयकर खात्याचे खरे मार्गदर्शन तिच्या फोनवर मिळाले. ते इंग्रजीत आहे. गेले नऊ दिवस, शेतावरून आल्यावर हातपाय धुऊन राणी माझ्याशेजारी बसते, एकेक वाक्य वाचते, मराठीत सांगते, आणि मी ते लिहून घेतो. बावीस पाने झाली आहेत. लहान धंदेवाल्याने कोणता नमुना भरावा, खात्यात आलेल्या रकमा खात्याला आधीच कशा ठाऊक असतात, त्या आपल्या आकड्याशी कशा जुळवून पाहाव्यात, सर्व काही. मी मध्येच थांबवतो; म्हणतो, ‘हे वाक्य पुन्हा सांग.’ ती सांगते. तिसऱ्यांदाही सांगते. ती दुसरीत असताना मी तिला असाच शुद्धलेखन सांगत असे.

परवा तर तिला माझ्या एका प्रश्नावर हसू आले. मोठ्याने हसली. हे आपणास कळावे म्हणून लिहितो.

नरसिंग पाईकराव


कळमनुरी
दि. १३ सप्टेंबर २०२५

श्री. खिल्लारे यांस,

विषय : विवरणपत्र भरले गेल्याबाबत.

सोबत : पोच-शिक्क्याची छायाप्रत, एक.

कळविण्यास आनंद होतो की, दि. ८ रोजी राणीचे विवरणपत्र आमच्या घरी, आमच्या चटईवर बसून, तिच्या फोनवरून भरण्यात आले. कोणत्याही केंद्राचे साहाय्य घेतलेले नाही.

अखेरीस फोनने विचारले की, हे विवरणपत्र तुमचेच आहे याची पडताळणी कशी करता? दोन मार्ग होते. पहिला, आधारला जोडलेल्या फोनवर आकडे येतात, ते टाकावयाचे. दुसरा, एका पानाचा कागद छापून त्यावर निळ्या शाईने सही करावयाची आणि तो तीस दिवसांच्या आत बंगळुरू येथील खात्याच्या कार्यालयास पाठवावयाचा. हे वाक्य मी माझ्या एकोणिसाव्या पानावर लाल रेघ मारून ठेवलेलेच होते. शेवटी सरकारलाही सहीवाचून चालत नाही!

राणी म्हणाली, ‘ओटीपी टाकते बाबा, दोन मिन्टात होऊन जाईल.’

‘आकडे म्हणजे सही नव्हे.’

‘आता तीच सही राहते.’

‘सही हाताने होते, राणी. तुझ्या नावाचा पहिला कागद आहे हा. त्यावर तुझे अक्षर पाहिजे.’

तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, ‘बरं. तुमच्या मनासारखं.’ आणि तिने सही केली. ‘णी’ची वेलांटी अजूनही जरा मोठी काढते, पण सही चांगली आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला शिरड शहापूरला हळदीवर जावयाचे होते. जाताना म्हणाली, ‘बाबा, आज स्पीड पोस्टानं बंगळुरूला टाकून द्याल ना?’

आता आपण एकेकाळी हे काम शिकला होता म्हणून सांगतो. नवखा मनुष्य तो कागद खरोखरच टपालपेटीच्या स्वाधीन करून आला असता. बंगळुरू हे वरिष्ठ कार्यालय आहे. वरिष्ठांकडे कागद थेट पाठवणे हा शिष्टाचाराचा भंग होय. कागद खालच्या कार्यालयात द्यावयाचा, आवक करून घ्यावयाचा, आणि तो योग्य मार्गाने वर जातो. चाळीस वर्षांत मी एकही कागद थेट पाठवलेला नाही. शिवाय टपालाच्या पावतीवर कागदात काय आहे हे लिहिलेले नसते. पोचेच्या प्रतीवर असते.

म्हणून मी दि. १२ रोजी हिंगोलीस जाऊन एका कचेरीच्या आवक खिडकीवर सदर कागद, माझ्या हस्ताक्षरातील सोबतच्या पत्रासह दिला. ‘पुढील कार्यवाहीस्तव बंगळुरू येथे अग्रेषित व्हावा, ही विनंती.’ खिडकीवरच्या माणसाने शिक्का मारला, तारीख टाकली. छायाप्रत जोडली आहे. शिक्का सरळ बसला आहे, हे पाहावे. आपल्या यंत्रातून असा शिक्का निघत नाही.

त्या संध्याकाळी राणीने मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. मालनबाई म्हणाल्या, ‘बापलेकीचं लय गूळपीठ चालू हाय आजकाल.’ मी चहा संपवला. परंतु त्या हे आपणाकडे बोलतील, याची मला खात्री आहे. म्हणून आधी मीच कळवतो.

नरसिंग पाईकराव


(पोस्टकार्ड)

दि. २५ सप्टेंबर २०२५

श्री. खिल्लारे यांस,

आपली चिठ्ठी मालनबाईंमार्फत काल मिळाली. त्यांना वाचता येत नाही, हे आपणास ठाऊक असल्याने चिठ्ठी उघडी पाठवली असावी.

‘दाजी, कागद चुकीच्या कचेरीत गेला. तिथून पुढे जात नसतो. आठ ऑक्टोबरच्या आत बंगळुरूला पोचला पाहिजे, न्हाईतर राणीला म्हणा, फोनवर ओटीपी टाक. तुमी म्हणले म्हणून मी तिच्याशी बोललो नाही. तुमीच सांगा,’ असा मजकूर आहे. चिठ्ठीवर दिनांक नाही, विषय नाही, आपली पूर्ण सही नाही. अशा कागदाची दखल घेता येत नाही.

राणी सध्या सोयाबीनच्या शेवटच्या फवारणीत आहे. तिला काय सांगावयाचे व केव्हा, हे मी ठरवीन.

न. पा.


कळमनुरी
दि. २४ ऑक्टोबर २०२५

श्री. रत्नपाल खिल्लारे यांस,

विषय : पुढील उपायाची विचारणा.

सतरा तारखेस बँकेत काय घडले, हे आपणास माझ्या आधी समजले आहे. बँकेच्या साहेबांनी संगणकात पाहून राणीला सांगितले की, विवरणपत्र भरलेले दिसते, परंतु पडताळणी झालेली नाही. तीस दिवस उलटून गेले. म्हणजे ते वेळेत भरले असे धरता येत नाही. फाइल बाजूला ठेवली. तिच्या मागे यंत्रासाठी आणखी दोघांच्या फाइली आहेत. हरभरा पेरून होत आला आहे. महिन्याभरात पहिली फवारणी येईल, आणि ती ज्याच्या दारात यंत्र असेल त्याला मिळेल.

ती बँकेतून निघाली. माझे टेबल वाटेवर आहे. मी तिला येताना पाहिले, आणि तिची बसण्याची खुर्ची पुसून ठेवली. ती माझ्यासमोरून गेली. थांबली नाही. रस्ता ओलांडून आपल्या केंद्रात शिरली.

काचेतून मला तिची पाठ दिसत होती. आपण खुर्ची पुढे केलीत. तिने पदराने नव्हे, ओढणीने तोंड पुसले, दोनदा. मग आपण काहीतरी बोललात आणि तिने मान हलवली. माझ्यासमोर ती अखेरची कधी रडली, हे मी आठवून पाहिले. ती चौथीत होती. म्हणजे रडण्यासाठीसुद्धा तिने आपलीच जागा निवडली.

घरी आल्यावर तिने मला एकही शब्द विचारला नाही. ‘तुमी कागद कुठं टाकला’ असेही नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिले असते. माझ्याजवळ शिक्का होता, तारीख होती. तिने जेवण वाढले आणि मला विचारले, ‘भाकर देऊ का अर्धी?’

मालनबाईंनी मात्र विचारले.

‘पोस्टानं टाका म्हणली होती ना पोरगी? मंग हिंगोलीला काहून नेला?’

‘योग्य मार्गाने जावा म्हणून.’

‘कोणाचा मार्ग? तिचा का तुमचा?’

‘तुम्हाला यातले कळत नाही.’

‘व्हय, मला कळत न्हाई. मला वाचता येत न्हाई. पण माझ्या भावानं चिठ्ठी दिली होती, ती मी या हातानं तुमाला दिली. काय होतं तिच्यात?’

‘ख्यालीखुशाली होती,’ मी म्हणालो.

हे मी म्हणालो. येथे लिहून ठेवतो, कारण आपणास ते कळणारच आहे. आणि माझ्याबाबतची प्रत्येक गोष्ट आपणास दुसऱ्याकडून कळते, याचा मला कंटाळा आला आहे.

आज सकाळी मी हिंगोलीस गेलो. कचेरीचे नाव लिहीत नाही, कारण त्यांचा काही दोष नाही. खिडकीवरच्या माणसाने फाइल काढली. कागद होता. माझ्या सोबतच्या पत्रासह, दोरीने नीट बांधलेला, जसा दिला तसा. तो म्हणाला, ‘काका, हे आमच्याकडचं नव्हतंच. तुमी शिक्का मागितला, म्या मारला. तुमचं अक्षर बघून मला वाटलं, ठेवावं जपून.’

त्याने माझ्या अक्षराची स्तुती केली. मी कागद परत घेतला, पोच मागितली नाही.

आता उपाय काय, हे माझ्या बावीस पानांत सापडले नाही. मी तीनदा वाचली. राणीला पुढचे पान वाचून दाखव असे म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही. म्हणून आपणास विचारणा करीत आहे. अर्ज नव्हे, विचारणा. उत्तर लेखी दिल्यास बरे.

नरसिंग पाईकराव


कळमनुरी
दि. २७ ऑक्टोबर २०२५

रत्नपाल,

विषय लिहीत नाही.

तू उत्तर लेखी दिले नाहीस. राणीलाच बोलावून घेतलेस. तिच्याकडून समजले ते असे : पडताळणी आता फोनवरून झाली, दोन मिनिटांत, आणि झालेला उशीर माफ व्हावा म्हणून खात्याच्या वेबसाइटवरच विनंती करता येते. त्यात विलंबाचे कारण लिहावे लागते. मंजूर झाली तर विवरणपत्र मुदतीत धरले जाईल आणि बँक फाइल पुन्हा काढील. बँकेच्या साहेबांनी आठ दिवस थांबण्याचे कबूल केले आहे, हेही तूच त्यांच्याकडे जाऊन करून आलास.

विलंबमाफीचे अर्ज मी आयुष्यात शेकड्यांनी लिहिले. पूर आला, आजारी होतो, कागद गहाळ झाला, अज्ञानामुळे. साहेब लोक कारण आधी वाचतात आणि अर्जदाराचे नाव मागाहून. म्हणून काल राणीने तू लिहिलेल्या कारणाचा छापील कागद माझ्यापुढे ठेवला आणि ‘मामा म्हणले, सही कराच्या आधी बाबाला दाखव,’ असे म्हणाली, तेव्हा मला बरे वाटले. हे मान्य करतो. वाटले, अजून माझ्या नजरेखालून जावे लागते.

मग मी वाचले. ‘सेवा केंद्र चालकाने दिलेल्या चुकीच्या सल्ल्यामुळे सहीचा कागद योग्य पत्त्यावर पाठवला गेला नाही.’

राणी म्हणाली, ‘बाबा, मामा स्वतःवर काहून घेऊन राहिले? त्यांनी तर हातबी लावला न्हाई माझ्या कागदाला.’

मी चष्मा पुसत राहिलो.

ती म्हणाली, ‘म्या इचारलं त्यांना. म्हणले, दाजींचं नाव सरकारी कागदावर चुकीसाठी नको यायला. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका नीट करून दिल्या.’

असे म्हणालास तू. मी रस्त्यापलीकडून सहा वर्षे तुझ्याकडे वाकडे पाहत आलो. तुझ्या दारातली रांग मोजली. जो कोणी तुझ्याकडून हसत बाहेर पडला, त्याचे नाव लक्षात ठेवले. आणि शेवटी तू माझी चूकही नेलीस. राणीने ती तुझ्याकडून घेतली असती. तुझ्यावर आणखी माया केली असती. आणि मी माझ्या टेबलाशी निर्दोष बसून राहिलो असतो. असा निर्दोष होण्यापेक्षा बदनाम झालेले मला चालेल.

ती चूक माझी आहे. ती मी तुला देणार नाही.

तरी तुझे कारण खोडून खालील कारण टंकावे. शब्द बदलू नयेत. गोड करू नये.

‘अर्जदाराने विवरणपत्र मुदतीत भरले होते व सहीचा कागद टपालाने बंगळुरूस पाठवण्यास वडिलांना सांगितले होते. वडिलांनी तो दुसऱ्याच कचेरीत दिला. मुदत संपण्यास चौदा दिवस असताना ही चूक त्यांना त्यांचे मेहुणे श्री. रत्नपाल खिल्लारे यांनी लेखी कळवली होती व ती दुरुस्त करण्याचा सोपा उपायही सांगितला होता. वडिलांनी ती चिठ्ठी अर्जदारास दाखवली नाही. चिठ्ठी खरी आहे, हे त्यांना समजले होते. परंतु ती मेहुण्यांच्या अक्षरात होती. विलंबाचे कारण एवढेच. यात अर्जदाराचा कोणताही दोष नाही.’

खात्याचा मनुष्य हे वाचून हसेल. विनंती नामंजूर करील, असे मला वाटत नाही. खरे कारण त्याच्यापुढे क्वचितच येत असेल.

तुझी चिठ्ठी सोबत आहे. पुरावा म्हणून जोडावी. मी ती फाडली नव्हती. का फाडली नाही, हे मला सांगता येत नाही.

हे पत्र बंद पाकिटात राणीच्याच हाती देत आहे. यात काय आहे, हे तिला ठाऊक नाही. तिला वाटते, तुझ्या मजकुरातल्या चुका काढल्या असतील. मी तिला समोर बसवून सांगणार होतो. सकाळपासून तीनदा हाक मारली. तिन्ही वेळा ती आली, उभी राहिली, ‘काय बाबा?’ म्हणाली, आणि मी पाणी मागितले.

तेव्हा ते तुझ्याच दुकानात होईल. नवे कारण टंकून झाले की सही करण्यापूर्वी तिला पूर्ण वाचू दे. घाई करू नकोस, मध्ये काही समजावू नकोस, माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. ती वाचत असताना तिचा चेहरा तुला दिसेल. मला दिसणार नाही. तो कसा झाला, हे मला नंतर कोणीतरी सांगेल, आणि तेही बहुधा तूच. रत्नपाल, त्या चेहऱ्यावर राग असेल. तरी तो पाहायला तू तेथे असशील आणि मी नसेन, म्हणून मला आतापासूनच तुझा हेवा वाटतो आहे.

नरसिंग